मूत्रपिंडाच्या गाळणीवर साखरेचा घाला

मधुमेह झालेल्या माणसाच्या फायलीत साखरेच्या अहवालांची वाण नसते. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी अशा कागदांची चळत वाढत जाते. वर्षाकाठी एकदा रक्तातील क्रिएटिनिन तपासले जाते आणि ते मर्यादेत आले की ‘किडनी उत्तम आहे’ असा निर्वाळा घरच्या घरी दिला जातो. हा निर्वाळा पुष्कळदा घाईचा ठरतो. मधुमेहात मूत्रपिंडाला जी इजा होते तिचा आरंभ क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षे आधी झालेला असतो, आणि तोही मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतक्या जाडीच्या एका पटलात. या पटलाचे काय होते हे समजल्याखेरीज लघवीच्या एका साध्या, पण बहुतेक फायलींत न सापडणाऱ्या तपासणीचे महत्त्व ध्यानात येत नाही.

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला जवळपास एक लिटर रक्त, दोन्ही मूत्रपिंडांकडे जाते. या गुच्छांतून दिवसभरात १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरातील रक्तद्रव जेमतेम तीन लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळून निघतो. गाळलेल्या द्रवातील जवळजवळ सर्व पाणी, क्षार आणि साखर पुढच्या नलिकांमध्ये परत शोषली जाते आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते.

या गाळणीचे थर तीन. रक्ताच्या बाजूला पातळ पेशींचे अस्तर असते व त्याला असंख्य छिद्रे असतात. त्याबाहेर आधारपटल असते. ते पेशींचे बनलेले नसून कोलॅजन आणि इतर प्रथिनांच्या तंतूंचे विणलेले असते. सर्वांत बाहेर पोडोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. ऑक्टोपसप्रमाणे पाय पसरून त्या रक्तवाहिनीला विळखा घालतात. शेजारशेजारच्या पेशींचे पाय दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे गुंततात. बोटांमधल्या फटींवर पुन्हा एक जाळी ताणलेली असते. चक्क्यासाठी दही मलमलीच्या फडक्यात टांगले की पाणी निथळते आणि घट्ट भाग आत राहतो, तसेच काहीसे येथे घडते. फडके मात्र दर वेळी धुता येते. हे फडके जन्मभर एकच असते आणि त्यातून निथळण्याचे काम क्षणभरही थांबत नाही.

ही गाळणी किती काटेकोर आहे याचा अंदाज अल्ब्युमिनवरून येतो. रक्तातील या मुख्य प्रथिनाचा रेणू तसा लहानच. मूत्रपिंडातून दिवसाला वाहणाऱ्या रक्तद्रवाचा हिशेब केला तर त्यासोबत ३० किलोंहून अधिक अल्ब्युमिन या गुच्छांजवळून जाते. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत त्यातले ३० मिलिग्रॅमही सापडत नाही.

साखर वाढली की या व्यवस्थेवर तीन बाजूंनी आघात होतो. पहिला आघात दाबाचा. गाळलेल्या द्रवातून दररोज सुमारे १८० ग्रॅम साखर नलिकांमध्ये उतरते व ती तेथे परत घेतली जाते. साखर परत घेणारे वाहक प्रथिन तिच्यासोबत सोडियमही ओढून घेते. रक्तातील साखर जास्त असली की हे काम वाढते आणि सोडियम नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात आधीच शोषले जाते. नलिकेच्या पुढच्या टप्प्यावर एक संवेदक पेशीसमूह असतो. पुढे येणाऱ्या क्षारांवरून गुच्छात पुरेसे रक्त गाळले जाते आहे की नाही हे तो ठरवतो. त्याच्यापर्यंत क्षार कमी पोहोचले की त्याचा समज होतो, गाळण कमी पडते आहे. इमारतीच्या गच्चीवरील टाकीतला तरंगता गोळा अडकला की टाकी भरून वाहू लागली तरी पंप चालूच राहतो, तशी ही गत. गुच्छात रक्त आणणारी वाहिनी रुंदावते. रक्त बाहेर नेणारी वाहिनी अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या प्रभावाने आवळलेली राहते. येण्याचा मार्ग मोकळा आणि जाण्याचा अरुंद झाल्यावर मधल्या नाजूक गुच्छातील दाब वाढणारच.

या अवस्थेत गाळणीचा वेग वाढतो व तपासणीत मूत्रपिंडाचे कार्य निरोगी माणसापेक्षाही सरस दिसू शकते. अमेरिकी मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली असे मांडले, की हे सरसपण हीच विनाशाची पहिली पायरी आहे. अतिदाबाखाली राबणारे नेफ्रॉन हळूहळू निकामी होतात, त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो आणि मग तेही त्याच वाटेने जातात.

दुसरा आघात रासायनिक आहे आणि त्याची ओळख प्रत्येक स्वयंपाकघराला आहे. साखर आणि प्रथिन एकत्र तापवले की दोन्हींचा संयोग होऊन तपकिरी रंग आणि खरपूस वास येतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंग येतो तो दुधातील साखर व प्रथिने यांच्या अशाच मीलनातून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. तव्यावर ती काही मिनिटांत घडते. शरीराच्या ३७ अंश तापमानाला तिला आठवडे, महिने, वर्षे लागतात, पण ती घडते. तीन महिन्यांच्या सरासरीसाठी जी एचबीएवनसी तपासणी करतात, ती रक्तातील हिमोग्लोबिनला अशी किती साखर चिकटली आहे याचेच माप असते.

हिमोग्लोबिनचे बरे असते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. ती मोडीत निघाली की तिच्यातली साखरेने माखलेली प्रथिनेही जातात. आधारपटलातील कोलॅजनला ही मुभा नाही. ते वर्षानुवर्षे तेच राहते. त्याला चिकटलेली साखर पुढे कायमच्या बंधांत रूपांतरित होते व शेजारचे तंतू एकमेकांना जखडले जातात. जुने कोलॅजन मोडून नवे घालणारी विकरे या जखडलेल्या तंतूंवर नीट काम करू शकत नाहीत. मोडतोड मंदावते, नवी भर पडतच राहते. परिणामी पटल जाड होत जाते. मधुमेहाच्या जुन्या रुग्णांत ते कधी कधी दुपटीहून अधिक जाड आढळते. गुच्छातील वाहिन्यांना आधार देणाऱ्या मेसँजियम या भागातही हाच पसारा माजतो आणि तो फुगून वाहिन्यांनाच चेपू लागतो. बोस्टन येथे पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ साली मृत मधुमेहींच्या मूत्रपिंडांत ज्या गाठी पाहिल्या आणि ज्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात, त्या या पसाऱ्याच्या शेवटच्या अवस्थेतल्या होत.

तिसरा आघात पेशींच्या आत होतो. स्नायू आणि चरबी यांच्या पेशींत साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी मोठ्या प्रमाणावर लागते. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींना व मेसँजियमच्या पेशींना हे दार लावता येत नाही. बाहेर साखर वाढली की आतही वाढते. मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली मांडलेल्या विवेचनानुसार, साखरेच्या या लोंढ्यामुळे पेशींतील ऊर्जाकेंद्रे घातक ऑक्सिजनकण अधिक प्रमाणात तयार करतात आणि त्यातून दाह व तंतूंची वाढ यांच्या साखळ्या सुरू होतात. मधुमेह डोळ्यांचा पडदा, मज्जातंतू आणि मूत्रपिंड यांनाच विशेष का ग्रासतो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे मिळते.

येथे कोणालाही एक शंका यावी. पटल दुप्पट जाड झाले तर गाळणी अधिक घट्ट व्हायला हवी. मग प्रथिने गळतात कशी? जाडी आणि वीण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याचे उत्तर. धुऊन धुऊन सैल पडलेला लोकरीचा स्वेटर हाताला जाड लागतो, पण त्याचे टाके विस्कटलेले असतात. पटलाचेही तसेच. त्यातच निरोगी गाळणीवर असणारा ऋण विद्युतभार, जो अल्ब्युमिनसारख्या ऋणभारित प्रथिनांना दूर लोटतो, तो मधुमेहात घटतो. या भाराचे नेमके महत्त्व किती याविषयी संशोधकांत अजून एकमत नाही. अलीकडच्या काळात मात्र लक्ष अधिक वळले आहे ते बाहेरच्या पोडोसाइट पेशींकडे.

या पेशींचे मोल वैद्यकाला कळले ते फिनलंडमधील तान्ह्या मुलांमुळे. तेथे काही कुटुंबांत जन्मतःच लघवीतून भरमसाट प्रथिने जाणारी मुले जन्माला येत. कार्ल ट्रिगवासन यांच्या गटाने १९९८ साली या विकाराचे जनुक शोधले. ते जनुक पोडोसाइटच्या पायांमधली जाळी विणणाऱ्या नेफ्रिन या प्रथिनाचे होते. आधारपटल जागेवर असूनही नुसती ती जाळी नसली की गाळणी उघडी पडते, हे या मुलांनी दाखवून दिले. मधुमेहात नेफ्रिन कमी होते, पेशींचे गुंतलेले पाय आखूड होऊन चपटे पडतात, आणि दाबाने ताणलेल्या, बदललेल्या पटलावरची त्यांची पकड सुटते. सुटलेल्या पेशी लघवीतून वाहून जातात. पोडोसाइट सहसा विभाजन पावत नाहीत. गेलेल्या पेशीची जागा भरून निघणे अवघड. तेथे उघडे पडलेले पटल पुढे व्रणासारखे कठीण होते आणि तो गुच्छ कायमचा बंद होतो.

हे सर्व साखरेमुळेच होते, की मधुमेहींच्या घडणीतच पटल जाड असते, असा वाद गेल्या शतकाच्या साठच्या दशकात रंगला होता. डेन्मार्कच्या रूथ ऑस्टरबी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजमापे करून दाखवले, की नुकताच मधुमेह झालेल्या तरुणांचे पटल अगदी इतरांसारखे असते. जाडी वाढते ती नंतरच्या वर्षांत. याची दुसरी बाजू पाओला फिओरेत्तो आणि मायकेल मॉअर यांच्या गटाने १९९८ साली प्रसिद्ध केली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या आठ रुग्णांत स्वादुपिंडाचे रोपण झाल्याने साखर कायमची प्राकृत झाली होती. पाच वर्षांनी त्यांच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासला तेव्हा सुधारणेचा मागमूस नव्हता. दहा वर्षांनी तपासला तेव्हा मात्र पटलाची वाढलेली जाडी ओसरली होती. रुग्ण आठच होते, हे खरे. तरीही जे बिघडायला वर्षे लागतात ते सुधारायलाही वर्षे लागतात, आणि सुधारू शकते, हे प्रथमच डोळ्यांनी दिसले. तीन महिने पथ्य पाळून अहवालात फरक नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी या दहा वर्षांचा विचार करायला हरकत नाही.

गळती ओळखायची कशी? लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली मूत्रपिंडाच्या विकाराचे जे वर्णन केले, त्यामागे चमचाभर लघवी मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवण्याची कृती होती. प्रथिन असेल तर अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे ते गोठते. लघवीच्या नेहमीच्या तपासणीतील कागदी पट्टी सोय म्हणून कितीही चांगली असली, तरी ठळक गळतीच पकडते. पट्टीवर ‘निल’ लिहून आले तरी आरंभीची गळती चालू असू शकते. ती मोजण्याची संवेदनशील पद्धत हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ साली काढली. १९८२ मध्ये विबर्टी आणि १९८४ मध्ये मोगेनसेन यांनी दाखवून दिले, की ज्यांच्यात ही सूक्ष्म गळती असते त्यांनाच पुढे मूत्रपिंडाचा गंभीर विकार होण्याचा धोका जास्त असतो. आज यासाठी सकाळच्या लघवीचा एक नमुना पुरतो. त्यातील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ते प्राकृत समजतात. ३० ते ३०० ही आरंभीची गळती. त्यावर गेल्यास गळती उघड झाली.

रक्तातील क्रिएटिनिन या कामी अपुरे का पडते? मूत्रपिंडाची राखीव क्षमता मोठी आहे. एकूण गाळणशक्ती निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेतच राहू शकते. कृश आणि वयस्क व्यक्तींत तर स्नायू कमी असल्याने ते आणखीच फसवे. म्हणून नुसत्या आकड्याऐवजी वय आणि लिंग लक्षात घेऊन गाळणीचा वेग काढायला हवा. हल्ली अनेक प्रयोगशाळा तो अहवालातच छापतात. दोन्ही तपासण्या लागतात, कारण काही मधुमेहींत गळती न होताच गाळणीचा वेग घसरतो.

आणखी एक फसवणूक याहून क्रूर आहे. शरीरातील इन्सुलिनचा निचरा करण्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते आणि साखर आपोआप उतरू लागते. वीस वर्षे गोळ्या घेणाऱ्याची साखर एकाएकी ८०-९० वर येते, गोळ्या कमी होतात, आणि घरात मधुमेह ‘बरा झाल्याचा’ आनंद व्यक्त होतो. पायांवरची सूज आणि फेसाळ लघवी यांकडे तेव्हा कोणाचे लक्ष नसते.

उपायांच्या बाबतीत गेल्या तीस वर्षांत चित्र पालटले आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरील अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासाने १९९३ साली दाखवले, की साखर काटेकोर ठेवल्यास सूक्ष्म गळतीचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते. ब्रिटनमधील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींच्या अभ्यासात १९९८ साली रक्तदाबावरच्या घट्ट नियंत्रणाने सूक्ष्मवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी झाले. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या गोळ्या बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात, त्यामुळे गुच्छातील दाब उतरतो. त्यांचा उपयोग १९९३ आणि २००१ च्या चाचण्यांत सिद्ध झाला.

त्यानंतर जवळजवळ दोन दशके नवे काही हाती लागले नाही. मग आले ते सफरचंदाच्या झाडातून. त्याच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा काढण्यात आला होता. तो दिल्यावर रक्तातील साखर वाढलेली नसतानाही लघवीतून साखर जाते, हे १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांना दिसले. नलिकेतील साखर-सोडियम वाहकालाच तो अडवतो. त्याच्या धर्तीवर बनलेल्या ‘ग्लिफ्लोझिन’ औषधांनी टाकीतला अडकलेला गोळाच जणू मोकळा केला: संवेदकापर्यंत पुरेसे क्षार पोहोचतात, आत येणारी वाहिनी आवळते, दाब उतरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ४,४०१ रुग्णांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्यासह गंभीर परिणामांचा धोका ३० टक्क्यांनी घटला. डापाग्लिफ्लोझिनच्या देशी कंपन्यांनी बनवलेल्या स्वस्त गोळ्या भारतातील बाजारात आल्या. पुढे २०२० मध्ये फिनरेनोन आणि २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांचेही मूत्रपिंडाला लाभ सिद्ध झाले. त्यांच्या किमती मात्र अनेकांना पेलणाऱ्या नाहीत.

दाब उतरवणारी ही औषधे सुरू केली की आरंभी क्रिएटिनिन किंचित वाढते. गाळणीवरचा अवाजवी ताण गेल्याची ती बहुधा खूण असते. घाबरून आपल्या मनाने गोळी बंद करणे चूक. किती वाढ चालेल हे वैद्यांनीच ठरवायचे. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना जननेंद्रियाच्या बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि कडक उपवास, उलट्या-जुलाब किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी ही गोळी थांबवावी लागते. गर्भवतींना अँजिओटेन्सिनविरोधी गोळ्या वर्ज्य आहेत. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. अँजिओटेन्सिनविरोधी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी यांच्या जोडीला त्या आल्या तर धोका मोठा. ‘मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या’ निनावी पुड्यांतून जड धातू पोटात जाण्याची शक्यता असते, हेही विसरता येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगतात. जगभरच्या अनुभवानुसार मधुमेहींपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला मूत्रपिंडाचा विकार जडतो. उरलेल्यांची गाळणी तितकीच साखर सोसून का टिकते, यात आनुवंशिकतेचा भाग आहे. पण कोण कोणत्या गटात मोडेल हे आधी सांगता येत नाही. शेवटच्या टप्प्यावर रोपण किंवा डायलिसिस हेच मार्ग उरतात. डायलिसिस म्हणजे सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास यंत्राशेजारी, म्हणजे नोकरी करणाऱ्यासाठी अर्धा आठवडा. सरकारी योजनांतून खर्चाचा भार हलका होतो, तासांचा होत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी निदान झाल्याबरोबर आणि त्यानंतर दरवर्षी करावी, पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर सुरू करावी, असा वैद्यकाचा दंडक आहे. कारण दुसऱ्या प्रकारात निदान होते तेव्हा आजार कित्येक वर्षे मुरलेला असतो. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांमुळे आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून अशा दिवसांत नमुना देऊ नये. एकदा वाढलेला आकडा आला तरी तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा तो तसाच आला तरच गळती ठरते. त्याच वेळी डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा. दीर्घकाळ मधुमेह असूनही पडदा निर्दोष असेल आणि लघवीतून मात्र पुष्कळ प्रथिन जात असेल, तर गुन्हेगार साखर नसून मूत्रपिंडाचा दुसराच एखादा विकार असू शकतो, आणि त्याचा उपचार वेगळा असतो.